पोटातली वस्ती

दैवशालाला शेळी निवडायचा मान मिळाला होता, आणि तोच मान तिला अजून सलत होता.

घरात दोन चुली झाल्या तेव्हा सासूबाईंनी, म्हाळसाबाईंनी, प्रत्येक वस्तू आधी थोरल्या सुनेपुढं ठेवली. घागर कोणती, तवा कोणता, पितळी परात कुणाला. धाकटी शालू नुकतीच सासरी रुळायला लागली होती. ती उंबऱ्याशी उभी राहून नुसती बघत होती. सगळ्यात शेवटी दोन पाठी आणल्या, म्हणजे अजून न व्यालेल्या तरण्या शेळ्या. एकाच आईच्या, एकाच वेताच्या. दोघी काळ्याकुळकुळीत, दोघींच्या लांब कानांवर पांढरे शिंतोडे. पण एक अंगानं भरलेली होती आणि दुसरी किडमिडी, गुडघ्यांची हाडं वर आलेली. दैवशालानं दोघींची कंबर चाचपली, ओठ वर करून दात बघितले आणि भरलेल्या शेळीची दोरी हातात घेतली. यात लबाडी काही नव्हती. दोन भाकरी पुढं ठेवल्या तर भुकेचा माणूस मोठीलाच हात घालतो.

तिनं आपल्या शेळीचं नाव ठेवलं राणी. शालूनं आपलीचं नाव ठेवलं उरली.

"उरली? हे काय नाव हाय गं?" वस्तीवरच्या बाया हसल्या.

"उरली म्हणून उरली," शालू म्हणाली, आणि तीही हसली. नाव पडलं ते पडलंच.

पेडगावच्या शिवारात, गावापासून जरा बाजूला, शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या चार घरांची ही वस्ती. दैवशालाचं आणि शालूचं अंगण एकच होतं. मधे तुराट्यांचा कुड घातला आणि त्याची दोन झाली. कुडातून पलीकडचं सगळं दिसायचं. भिंत असती तर दैवशालाचा निम्मा त्रास वाचला असता.

कारण कुडापलीकडं उरली वाढत होती. किडमिड्या पायांवर मांस चढलं. छाती रुंद झाली. पहिल्याच वेताला तिला जुळी झाली, राणीला एकच बोकड झाला, तोही पायाळू. उरलीच्या कासेखाली तांब्या भरून फेस वर यायचा. राणीच्या दुधात चहा व्हायचा आणि थोडं उरायचं. दोघी एकाच रानात चरत होत्या, एकाच नाल्याचं पाणी पीत होत्या. दैवशाला सरकी जास्त घालायची, शालूकडं तर सरकी नसायचीच. तरी बघणारा माणूस आधी उरलीकडं बघायचा आणि म्हणायचा, "काय शेळी हाय." मग त्याला राणी दिसायची आणि तो म्हणायचा, "हीबी बरी हाय."

हे 'बी' दैवशालाच्या कानात रात्रंदिवस वाजायचं.

"तुझ्या पोटात दुखतंय," म्हाळसाबाई एकदा तोंडावर म्हणाल्या. त्या दोन्ही घरी आलटून पालटून जेवायच्या आणि दोन्हीकडं खरं बोलायच्या.

"माझ्या पोटाला काय झालंय, आत्याबाई. राणी माझी मोठी हाय. मीच निवडलीय."

"तेच की. तूच निवडलीस."

*

कापूस वेचणी उरकत आली आणि थंडी पडली, तेव्हा उरली आजारी झाली. कान लोंबले, नाकातून घट्ट शेंबूड यायला लागला, श्वास घेताना बरगड्या भात्यासारख्या हलायच्या. दैवशालानं कुडातून बघितलं. तिला वाईट वाटलं, हे खरं. पण वाईट वाटायच्या आधी, एवढ्याशा फटीतून, दुसरंच काहीतरी मनात येऊन गेलं. ते काय होतं याच्याकडं तिनं नीट बघितलं नाही.

शालूनं कुणाला न विचारता डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर सिद्धोधन परभणीच्या कॉलेजातून शिकून आलेला तरणा माणूस. फटफटीवर आला, उरलीच्या बरगड्यांना नळी लावून डोळे मिटून ऐकत बसला. मग पेटीतून काळपट बाटली काढून पिवळ्या दवेची सुई दिली. पुन्हा येऊन पुन्हा दिली. उरली उठली, खाऊ लागली आणि आठवड्यात आधीसारखी ढुश्या द्यायला लागली.

वस्तीवरचे सगळे बघायला आले. म्हाळसाबाई शालूच्या अंगणात चहा पीत बसल्या. मेंढरांचा कळप घेऊन सेलूकडं निघालेला शेजारचा बन्सीधरसुद्धा जाता जाता थांबला.

"न्युमोनियातनं उठली म्हणताव? कोणती दवा होती?"

"पिवळी होती," शालू म्हणाली. "डॉक्टर म्हणले, एकाच जातीच्या जंतूवर न्हाई, लय जातीच्या जंतूंवर चालती."

"सगळ्यावर चालती?"

"सगळ्यावर न्हाई म्हणले. लय जातीवर."

पण बन्सीधरच्या कानात 'सगळ्यावर' हेच राहिलं, आणि कुडाआड भांडी घासणाऱ्या दैवशालाच्याही. शेळी शालूची चांगली, डॉक्टर शालूचा चांगला, आणि आता दवाही शालूची सगळ्यावर चालणारी. आजारपणातसुद्धा हिनं बाजी मारली, असं दैवशालाला वाटलं. राखेनं तिनं तवा इतका घासला की आत तोंड दिसायला लागलं.

*

त्यानंतर दैवशालाचे दिवस जरा फिरले. राणी व्याली आणि यावेळी जुळी झाली. दोन्ही पाठी. एक मोठी, कपाळावर पांढरा टिळा असलेली, दुसरी बारकी. दैवशालानं दोन्ही पिलं कुडाजवळ, उन्हात, मुद्दाम शालूच्या बाजूला दिसतील अशी बांधली. शालू आली, कुडावरून वाकून बघितलं, "लय गोड हायत, आक्का," म्हणाली आणि गेली. दैवशालाला आणखी काहीतरी हवं होतं. काय, ते तिलाही सांगता आलं नसतं. शालूचा चेहरा थोडा उतरला असता तरी चाललं असतं.

अशात राणीला खोकला लागला. लागला म्हणजे, वाळलेल्या पऱ्हाटीतून चरून आली की धुळीनं दोनतीनदा खोकायची. खात होती, रवंथ करत होती, पिलांना पाजत होती.

"धूळ गेली आसंल नाकात," नवरा अमृत म्हणाला.

"उरलीला बी आधी खोकलाच आला होता."

"मग त्या डॉक्टरला फोन लाव की."

"येवढ्याशा खोकल्याला डॉक्टर कशाला?" दैवशाला म्हणाली. खरी गोष्ट वेगळी होती. तो शालूचा डॉक्टर होता. तो इथं आला की कुडापलीकडून शालू म्हणणार, मीच तर सांगितला होता. आणि राणी बरी झाली की ते श्रेयही पलीकडं जाणार.

बाजाराच्या दिवशी ती एसटीनं मानवतला गेली. जनावरांच्या औषधाच्या दुकानात उभी राहिली आणि म्हणाली, "शेळीला खोकला हाय. ती पिवळी दवा द्या, लय जातीच्या जंतूवर चालती ती."

"कुणी सांगितली?"

"डॉक्टरनं." हे खोटं नव्हतं. डॉक्टरनं सांगितली होती. राणीसाठी नव्हती, एवढंच.

दुकानदारानं पिवळ्या पुडीचं पाकीट काढलं. "सुईची बाटली चिठ्ठीशिवाय देत न्हाई. ही पूड हाय, कोंबड्याला पाण्यातनं देतात. दवा तीच. पण शेळीला द्यायच्या आधी विचारून घ्या."

दैवशालानं मान हलवली आणि पाकीट पिशवीत टाकलं. एसटीत बसल्या बसल्या तिनं मनाशी सगळं जुळवलं. सुई म्हणजे जोरदार, थेट रक्तात. तोंडानं दिलेलं सौम्य, जरा जास्त झालं तरी काय बिघडतंय? आपल्याला नाही का डॉक्टर बरं वाटायला लागलं की सुई बंद करून गोळ्या देतो. हिशोब साधा होता आणि माणसाच्या बाबतीत फारसा चुकीचाही नव्हता. राणी माणूस नव्हती, एवढी एकच गोष्ट त्यात राहून गेली.

गुळाच्या पाण्यात पूड कालवून तिनं राणीला पाजली. कोंबडीपेक्षा शेळी मोठी म्हणून जास्त घातली. उरलीला दोनदा दिली होती म्हणून राणीला तीनदा, चारदा दिली. आणि खोकला थांबला. वारा पडला होता, धूळ खाली बसली होती. पण दैवशालाला तो थांबला तो दवेनं. तिनं कुडाकडं बघून राणीच्या पाठीवर थाप मारली.

"डॉक्टर न लागता बरी झाली, आत्याबाई."

"झाली म्हण," म्हाळसाबाई म्हणाल्या. "पण आज रवंथ कामून करायली न्हाई?"

*

राणीनं आधी सरकी सोडली, मग पाला. पातळ, आंबट वासाची हगवण लागली. ती कोपऱ्यात पाय दुमडून बसली, आणि जबडा हलायचा थांबला. शेळी राखणाऱ्या घरात बसलेल्या शेळीचा जबडा हलत नसला की घर गप्प होतं. दैवशालानं ओवा दिला, हिंग दिला, पोटाला तेल चोळलं. पिवळ्या पुडीचं पाकीट तिनं ज्वारीच्या कणगीत खोल दडवलं, आणि का दडवलं हे मनालाही विचारलं नाही.

पिलं कासेला ढुसण्या देऊन देऊन ओरडत होती. सकाळी अमृतनं बायकोला न विचारता डॉक्टरला फोन केला.

सिद्धोधन आला तेव्हा शालू आपल्या अंगणात उभी होती. कुडाच्या तुराट्यांमधून तिच्या लुगड्याचा हिरवा रंग दिसत होता. दैवशाला बाकी काही विसरली असती, पण तो रंग तिच्या नजरेतून जात नव्हता.

डॉक्टरनं राणीच्या डाव्या कुशीत मूठ दाबली. मग तिथंच नळी लावली आणि बराच वेळ ऐकलं.

"काय ऐकू यायलंय?" अमृतनं विचारलं.

"तेच तर. काहीच न्हाई. निरोगी शेळीच्या पोटात मधून मधून लांबवर ढग गुरगुरल्यासारखा आवाज येतो. हिचं पोट गप्प आहे." त्यानं नळी गळ्यात टाकली. "काय खाऊ घातलं होतं? धान्य जास्त झालं का?"

"न्हाई," दैवशाला म्हणाली.

"दुसरं काही? औषध, गावठी काही?"

हिरवा रंग कुडाजवळ सरकल्यासारखा वाटला. "ओवा देला. हिंग. बाकी काही न्हाई."

"ताप बी थोडा आहे. हगवणीला वास आहे. आतड्यात जंतू झाले असतील." त्यानं पेटी उघडली, आणि तीच काळपट बाटली बाहेर काढली. सुईच्या नळीत पिवळी दवा चढू लागली.

दैवशाला त्या पिवळ्या रंगाकडं बघत राहिली. आता बोललं नाही तर ही दवा राणीच्या अंगात जाणार. कदाचित बरीही होईल. सगळ्यावर चालते ना. पण राणी चार दिवस तेच पीत होती आणि तरी तिचा जबडा थांबला होता. आणि बोललं, तर कुडापलीकडं ऐकू जाणार.

राणीनं मान जमिनीवर टाकली.

"ती नका देऊ," दैवशाला म्हणाली.

"का?"

"देलीय ती."

कणगीतून तिनं पाकीट काढून आणलं. त्याच्यावर ज्वारीची भुकटी चिकटली होती. डॉक्टरनं पाकीट वाचलं, आत किती उरलंय ते बघितलं, आणि सुईतली दवा परत न सोडता तशीच बाजूला ठेवली. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"तोंडातनं?"

"तोंडातनं देलं तर सौम्य, असं वाटलं."

"माणसाला तसं चालतं. शेळीचं उलटं आहे, ताई." तो खाली बसला. "बघा, शेळी पाला खाते, पण पाला तिला पचवता येत न्हाई. तिच्या पोटात, पहिल्या मोठ्या कप्प्यात, जंतूंची एक वस्ती असते. अब्जावधी जंतू. पाला ते कुजवतात, आणि त्यातनं जे निघतं त्याच्यावर शेळी जगते. शेळी वैरण घालते त्यांना, आणि ते पोसतात तिला."

"जंतू? आतले?"

"आतले. कामाचे. आता ही दवा काय करते? जंतू वाढायचा म्हणजे त्याला अंगातली प्रथिनं बनवावी लागतात. त्यासाठी त्याच्या आत बारीक यंत्रं असतात. दवा त्या यंत्रात खुट्टी मारते. यंत्र अडलं की जंतूची वाढ थांबते, आणि बाकीचं काम शरीर करतं. आपल्या, शेळीच्या पेशीतली यंत्रं वेगळ्या घडणीची, म्हणून आपल्याला तेवढी बाधत न्हाई. पण जंतू म्हणलं की बहुतेकांची यंत्रं सारखीच. खोकल्याचा जंतू कोणता आणि पाला पचवणारा कोणता, ही ओळख दवेला न्हाई. लय जातींवर चालती म्हणजे तेच. उरलीला मी सुई दिली, ती रक्तातनं फुप्फुसात गेली, पोटात थोडीच उतरली. तुम्ही मात्र वस्तीच्या मधोमध नेऊन ओतली."

"पण तिचा खोकला..."

"धुळीचा असंल. त्याला कोणतीच दवा लागत नव्हती."

अमृतनं बायकोकडं बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं. दैवशालानं पदर दातात धरला. धुळीचा खोकला, हे अमृतनं आधीच सांगितलं होतं.

"आता?"

"पूड बंद. दूध माणसांनी पिऊ नका, पिलांनाही पाजू नका, दवा दुधात उतरते. आणि ही वस्ती परत बसवावी लागेल. दुकानात ती मिळत न्हाई." डॉक्टर उठला. "चांगल्या शेळीच्या पोटातनं आणावी लागते. माझ्याकडं आत्ता पोटात घालायची नळी न्हाई, पण जुनी रीत आहे. रवंथ करणाऱ्या शेळीच्या तोंडातला घास काढायचा, कोमट पाण्यात पिळायचा आणि हिला पाजायचा. याच रानात चरणारी शेळी असली तर उत्तम, जंतूंना चारा ओळखीचा पडतो."

"बन्सीधरच्या मेंढ्या..." दैवशाला पटकन म्हणाली.

"त्या सेलूकडं गेल्या की," अमृत म्हणाला.

"पेडगावातनं कुणाची..."

"आणेपर्यंत काय उरणार त्यात? हवा लागली, गार झालं की हे जंतू मरतात," डॉक्टर म्हणाला. "इथंच कुडापलीकडं एक शेळी बसलीय, ताई. मघापासून रवंथ करायलीय. मला इथनं दिसतंय."

*

कुडाला खालच्या अंगाला एक भगदाड होतं, कोंबड्यांनी केलेलं. माणसाला जायला बाहेरून वळसा होता. चुली वेगळ्या झाल्यापासून दैवशाला त्या अंगणात सणावाराशिवाय गेली नव्हती, आणि गेली तरी उंबऱ्याशी थांबून आली होती. आज ती सरळ आत गेली.

शालू दारात बसून तूर निवडत होती. निवडत होती म्हणजे, सुपात बोटं फिरवत होती.

"ऐकलंस तू," दैवशाला म्हणाली.

"कुड हाय, आक्का. ऐकू येतंच."

"मग दे."

"काय देऊ?"

दैवशालाला वाटलं होतं की मागावं लागणार नाही. "घास. उरलीच्या तोंडातला."

शालूनं सूप बाजूला ठेवलं. "उरलीचं उष्टं? तुमच्या राणीला चालंल का?"

हे बोलणं शालूनं बरेच दिवस सांभाळून ठेवलं असणार. इतकं गुळगुळीत झालं होतं. पलीकडून पिलांचं ओरडणं येत होतं.

"तू निवडली असतीस तर तू बी मोठीच घेतली असतीस," ती म्हणाली.

"घेतलीच असती. पण मला कुठं कुणी निवडू देलं?" शालूचा आवाज वर गेला नाही. "उंबऱ्यात हुबी होते मी. घागर तुमी घेतली, परात तुमी घेतली. म्हणलं जाऊ द्या. मग शेळी बी. त्या दिवशी माहेरी फोन करून लय रडले. शेळीला नाव ठेवलं ते कुणासाठी ठेवलं, तुमाला वाटलं? हसण्यासाठी? रोज हाक मारताना तुमाला ऐकू जावं म्हणून ठेवलं."

इतके दिवस दैवशालाला वाटत होतं की कुडाच्या एकाच बाजूला जळतंय. पलीकडं ती सगळं सुख बघत होती, आणि पलीकडून कुणीतरी तिची घागर बघत होतं. ऐकून मन हलकं व्हायला पाहिजे होतं. पण पहिलं जे वाटलं ते असं, की बघा, रडली तरी शेळी हिचीच चांगली निघाली.

"घागर नेतीस का?" ती म्हणाली.

शालूला हसू आलं. तिनं ते लपवायला मान वळवली. "पाणी कोमट करायलीय का तिकडं कुणी? का नुसतं माझ्याशी भांडायचं हाय?"

दैवशाला पलीकडून कोमट पाण्याचा तांब्या घेऊन आली. उरली उन्हात बसली होती. जबडा डावीकडून उजवीकडं, एका लयीत फिरत होता. दैवशाला जवळ जाताच तो थांबला. उरलीनं कान मागं टाकले आणि तिच्याकडं रोखून बघितलं.

"तुमी सरका, आक्का. परकं माणूस दिसलं की ती रवंथ सोडती."

परकं माणूस. दैवशाला मुकाट्यानं मागं गेली आणि उरलीला दिसणार नाही अशी बसली. शालू शेळीच्या कानामागं खाजवत राहिली. काहीतरी पुटपुटत होती, गाणं नव्हतं आणि बोलणंही नव्हतं. थोड्या वेळानं उरलीच्या गळ्यातून एक गाठ सरसरत वर चढताना दिसली. घास तोंडात आला. शालूनं पुढचे दात आणि दाढा यांच्या मधे जी मोकळी जागा असते तिथून दोन बोटं आत घातली आणि हिरवा, वाफाळलेला लगदा बाहेर काढला. उरलीनं तोंड झटकलं. शालूनं लगदा कोमट पाण्याच्या तांब्यात टाकला, वर हात झाकला.

"ह्या एकानं काय होणार, अजून काढते. जरा सबूर करा."

पुन्हा खाजवणं, पुन्हा वाट बघणं. दैवशालानं इतका वेळ शालूला जवळून कधी बघितलं नव्हतं. तिच्या बोटांना भेगा होत्या, सगळ्या कापूस वेचणाऱ्या बायांच्या असतात तशाच.

तांब्या पदराखाली पोटाशी धरून दैवशाला वळसा घालून पळत आली. डॉक्टरनं ते पाणी जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळलं. राणीचं तोंड फार वर न करता, ठसका लागू न देता, गालातून थोडं थोडं पाजलं. हिरवं पाणी तिच्या ओठांवरून ओघळलं. म्हाळसाबाई खाली बसून बघत होत्या.

"आमच्या सासऱ्याच्या वेळी बी असंच करायचे," त्या म्हणाल्या. "कशानं बरं होतंय ते कुणाला ठाव नव्हतं. आमी म्हणायचो, शेळीची भूक उसनी आणली."

"तेवढं बरोबर म्हणायचे," डॉक्टर म्हणाला. "पण भरवसा धरू नका. वस्ती उठायला वेळ लागत न्हाई, बसायला लागतो. रोज पाजा. वाळलेला चारा पुढं ठेवा, सरकी नको."

आणि पिलं? पिलांना शालूनंच कुडातल्या भगदाडातून ओढून घेतलं. उरलीला अजून दूध होतं, पण ती परक्या पिलांना पाजेना. शालूनं तिचंच दूध त्यांच्या अंगाला चोळलं आणि तिला धरून ठेवलं. तेव्हा कुठं दोघी कासेला लागल्या, शेपट्या थरथरवत.

दैवशाला कुडातून बघत होती. तिची जुळी, तिच्या राणीची, जी तिनं मुद्दाम शालूला दिसतील अशी बांधली होती, ती आता उरलीखाली गुडघे टेकून पीत होती. पोट जळणं म्हणजे काय ते तिला त्या वेळी नव्यानं कळलं.

*

ती रोज तांब्या घेऊन जात राहिली. रोज शालू म्हणायची, "सरका, आक्का." आणि रोज ती सरकायची. मग एका सकाळी उरली तिला बघून जबडा हलवायची थांबली नाही. शालूनं ते बघितलं आणि घास काढायला बोटं आत घातली. दैवशालाला हे मनापासून आवडलं, आणि आवडलं याचा रागही आला.

त्याच दिवशी दुपारी राणीसमोर टाकलेला कडबा जरा कुरतडलेला दिसला. दैवशाला भाकरी थापत होती. तिनं सहज मान वळवली तर राणीच्या गळ्यातून गाठ वर चढत होती. हळू, अडखळत, पण चढत होती. जबडा एकदा फिरला, थांबला, पुन्हा फिरला.

पिठाच्या हातानंच ती कुडाशी गेली.

"शाले."

"काय?"

"ये."

शालू आली. दोघी कुडाच्या दोन बाजूंनी बघत उभ्या राहिल्या. राणी चावत होती. तिच्या पोटात आता उरलीच्या पोटातली वस्ती होती, हे दैवशालाच्या मनात आलंच. इथूनपुढं ही जे काही पचवेल ते त्या उरलेलीच्या जिवावर. ही गोष्ट आयुष्यभर पुरणारी होती आणि वस्तीवर कुणी ती विसरू देणार नव्हतं.

राणीचं दूध साफ झालं, तरी पिलं भगदाडातून उरलीकडं पळायची ती पळायचीच. राणी हाका मारायची आणि दैवशाला दात आवळायची.

"कुड नीट करू का?" अमृतनं विचारलं.

"राहू दे."

मकर संक्रांतीच्या तिळगुळाला शालू आली तेव्हा दैवशालानं दोन्ही पिलं तिच्यापुढं आणून उभी केली. कपाळावर टिळा असलेली मोठी आणि बारकी.

"निवड."

"हे काय, आक्का?"

"तुझ्या शेळीनं पाजली. एक तुझी. निवड म्हणलं ना."

म्हाळसाबाई सुपारी कातरायच्या थांबल्या. दैवशालाला वाटत होतं, शालू लाजेल, नको म्हणेल, निदान बारकीला हात लावेल. चांगल्या घरच्या सुनेनं तसंच करायचं असतं. शालूनं दोघींची कंबर चाचपली. ओठ वर करून दात बघितले. मग टिळेवालीची दोरी हातात घेतली आणि सरळ दैवशालाच्या डोळ्यांत बघितलं.

"मोठी घेतलीस," दैवशाला म्हणाली.

"मग काय बारकी घेऊ?"

म्हाळसाबाईंच्या अडकित्त्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. शालू टिळेवालीला घेऊन गेली, आणि दैवशालाच्या पोटात तेच जुनं दुखणं उठलं, जसंच्या तसं. मोठी होती ती. डोळ्यांत भरणारी होती. पुढच्या वर्षी बघणारे लोक आधी तिच्याकडंच बघणार.

तिनं बारकीला जवळ ओढलं. गुडघ्यांची हाडं वर आलेली. पायांवर हात फिरवला. पाय लांब होते, हाड रुंद होतं. उरली या वयात अशीच दिसायची.

तिनं कुडाकडं बघितलं आणि बारकीपुढं थोडा पाला जास्त टाकला.